तळ्याचे वामन मल्हार



आपल्या जिल्ह्यातील थोर माणसांची नावे सांगा म्हटले की मुले पहिल्यांदा कान्होजी आंग्रे यांचे नाव घेतात. जरा मोठी मुले गागोद्याच्या विनोबांचे नाव घेतात. स्पर्धा परीक्षेला बसलेला एखादा असेल तर तो महाडजवळच्या नाते गावचे सी. डी. देशमुख सांगतो. तळ्याच्या वामन मल्हार जोशींचे नाव मात्र मला अजून एकाही मुलाने सांगितलेले नाही. मुलांचा दोष नाही. आम्ही मोठ्यांनीच ते कधी घेतले नाही.

आज ते घ्यावेसे वाटले त्याला एक कारण घडले. धर्मशिक्षणाच्या वर्गात बारावीतल्या एका मुलाने मला विचारले, की फादर, देव आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, की तसे तुम्हाला वाटते? प्रश्न उद्धटपणाने विचारलेला नव्हता. मागच्या बाकावरची मुले हसली आणि मला राग आला. पहिल्या कम्युनियनची मुले शेजारच्या खोलीत बसली आहेत, असले प्रश्न इथे नकोत, असे म्हणून मी त्याला खाली बसवले. तो बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही.

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो. ठाऊक असणे आणि वाटणे यांतला फरक काय, यावर मी तिथे पानेच्या पाने लिहिली आहेत आणि त्यावर गुणही मिळवले आहेत. तोच प्रश्न आपल्या भाषेत, आपल्याच धर्मग्रामातल्या मुलाने विचारला तेव्हा मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी त्याला गप्प केले. त्या रात्री कपाटातून 'सुशीलेचा देव' ही जुनी कादंबरी काढली. ती वामन मल्हारांची.

वामन मल्हार जोशी यांचा जन्म २१ जानेवारी १८८२ रोजी तळे येथे झाला. तळे म्हणजे आजच्या तळा तालुक्याचे गाव. वर तळगड, खाली मांदाडकडे उतरणारा रस्ता, खाडीच्या अंगाला कुड्याची बौद्ध लेणी. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. त्या काळी या बाजूच्या हुशार मुलापुढे एकच वाट होती, गाव सोडण्याची. आजही ती फारशी बदललेली नाही. आपल्या प्रत्येक घरातले कोणी ना कोणी मुंबईला, आखातात किंवा बोटीवर आहे. कोकणी माणूस पोटासाठी बाहेर पडतो तसा शाळेसाठीही बाहेर पडतो, आणि शाळेसाठी गेलेला बहुधा परत येत नाही. वामनरावांचेही तेच झाले. ते घाटावर गेले. नगर, पुणे असे शिक्षण झाले आणि १९०६ मध्ये तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते एम. ए. झाले.

त्या वर्षी एम. ए. होणे म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. मराठी मुलखात असे पदवीधर थोडे होते. सरकारी नोकरी चालून येत असे, वकिली करता येत असे, घर बांधता येत असे. वामनरावांनी यातले काही केले नाही. ते कोल्हापूरला जाऊन शाळामास्तर झाले.

ती शाळा साधी नव्हती. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि देशभर स्वदेशीची लाट उठली. सरकारी शाळेत आपली मुले कारकून होण्यासाठी शिकतात, त्यांना आपली भाषा, आपला इतिहास आणि हाताचे काम शिकवणाऱ्या आपल्या शाळा हव्यात, असा विचार पुढे आला. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर हे या विचाराने भारलेले. संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी समर्थ विद्यालय ही राष्ट्रीय शाळा काढली आणि 'विश्ववृत्त' नावाचे मासिकही काढले. अशा शाळेत सरकारी अनुदान नसते, पगार बेताचा असतो आणि पोलिसांची नजर मात्र कायम असते. वामनराव त्या शाळेत शिकवू लागले आणि 'विश्ववृत्ता'चे संपादनही त्यांच्याकडे आले. मास्तरांचे पत्रकार झाले ते असे.

मग १९०८ साल उजाडले. आपल्या इतिहासातले ते कठीण वर्ष. लोकमान्य टिळकांना त्याच वर्षी सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले. वर्तमानपत्रे आणि मासिके यांच्यावर सरकारचा डोळा होता. 'विश्ववृत्ता'त पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा एक लेख छापून आला. विषय होता वैदिक प्रार्थनांमधले तेज. सातवळेकर मूळचे सावंतवाडीकडचे, चित्रकार आणि वेदांचे अभ्यासक. पुढे ते शंभरी ओलांडून १९६८ पर्यंत जगले. लेख प्रार्थनांवरचा असला तरी सरकारला त्यात राजद्रोह दिसला. खटला झाला. विजापूरकर तुरुंगात गेले आणि मासिकाचा तरुण संपादक म्हणून वामनरावांनाही तीन वर्षांची सक्तमजुरी झाली.

येथे थोडे थांबावेसे वाटते. लेख दुसऱ्याचा. वामनराव तेव्हा सव्वीस वर्षांचे. पुढे ज्या माणसाची ख्याती प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू मांडणारा, ठाम निकाल देताना कचरणारा अशी झाली, त्या माणसाने एकदा छापलेल्या अक्षराची जबाबदारी मात्र टाळली नाही. शंका घेणारा माणूस भित्रा असतो, असा आपला एक समज आहे. मंडळीत जो सर्वांत मोठ्याने बोलतो तो श्रद्धावान आणि जो विचार करून बोलतो तो कच्चा, असेही आपण धरून चालतो. वामनरावांचे आयुष्य वाचताना मला हा समज तपासून घ्यावा लागला.

सुटून आले तेव्हा ते एकोणतीस-तीस वर्षांचे होते. समर्थ विद्यालय तोवर सरकारने बंद पाडले होते. राजद्रोहाची शिक्षा भोगलेल्या माणसाला सरकारी दार कायमचे बंद. पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांच्या संपादकीय खात्यात त्यांनी काही काळ काम केले. या काळाबद्दल फार लिहावे असे काही मला वाटत नाही. माझा आपला अंदाज असा, की वृत्तपत्राला हवी असते एक बाजू आणि तीही सोमवारी मांडलेली मंगळवारी न बदलणारी. वामनरावांचा पिंड तसा नव्हता. एखादा मुद्दा पटला तरी त्याच्या उलट बाजूने काय म्हणता येईल, याची त्यांना ओढ असे. असा माणूस अग्रलेखात अवघडून जातो.

त्यांना मोकळी जागा सापडली ती कादंबरीत. १९१५ मध्ये त्यांची 'रागिणी' आली. मराठी कादंबरी तोवर हरिभाऊ आपट्यांनी चांगली वाढवली होती. तिचा उगम आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये असा आहे. पहिली मराठी कादंबरी मानली जाते ती 'यमुनापर्यटन', १८५७ सालची, आणि ती बाबा पदमनजी या बेळगावच्या ख्रिस्ती झालेल्या लेखकाची. विषय, विधवांचे दुःख. बाबा पदमनजी आपल्या पंथाचे नव्हते, पण तेही शिक्षक, पत्रकार आणि कादंबरीकार या तिन्ही वाटांनी गेले. तेव्हा वादविवाद, सुधारणा, स्त्रियांचा प्रश्न हे मराठी कादंबरीला जन्मापासून चिकटलेले आहे. वामनरावांनी त्यात भर घातली ती तत्त्वज्ञानाची.

'रागिणी'त माणसे बसतात आणि बोलतात. वेदान्त खरा की नाही, माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे की सगळे आधीच ठरलेले आहे, बाईने नवऱ्याचे किती ऐकावे. रागिणी शांत, जुन्या वळणाची. उत्तरा तल्लख, वाद घालणारी, स्वतःचे मत असलेली. लेखक कोणाच्या बाजूने आहे हे चटकन कळत नाही, कारण तो दोघींवरही माया करतो. आजच्या वाचकाला यातली चर्चा लांबलेली वाटेल. मलाही काही ठिकाणी पाने उलटावीशी वाटली, हे कबूल करतो. पण त्या काळचा वाचक विचारात घ्या. ज्या घरात सासऱ्यापुढे सुनेने तोंड उघडायचे नाही, त्या घरात दुपारी चोरून वाचलेल्या पुस्तकात एक तरुणी पुरुषांच्या बैठकीत बसून इच्छास्वातंत्र्यावर वाद घालते आहे आणि कोणी तिला गप्प बस म्हणत नाही.

(हे वाक्य लिहिताना मला तो बारावीतला मुलगा आठवला.)

'आश्रमहरिणी' ही छोटी कादंबरी १९१६ मधली. जुन्या आश्रमांच्या, ऋषींच्या काळातली गोष्ट सांगत त्यांनी त्यात पुनर्विवाहाचा प्रश्न घातला. ज्यांना शास्त्राचा आधार हवा त्यांच्याशी शास्त्राच्याच अंगणात बोलायचे, अशी ती युक्ती. 'नलिनी' १९२० मध्ये आली. त्याच सुमारास सॉक्रेटिसाचे संवादही त्यांनी मराठीत आणले. सॉक्रेटिस हा प्रश्न विचारतो म्हणून मृत्यूची शिक्षा झालेला माणूस. सक्तमजुरी भोगून आलेल्या संपादकाने त्याला मराठी बोलायला लावावे, यात मला नवल वाटत नाही.

पण पुस्तकांवर घर चालत नाही. १९१८ च्या सुमारास ते पुन्हा शिक्षक झाले आणि या वेळी कायमचे. जागा होती पुण्याजवळचे हिंगणे. तिथे धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम आणि मुलींसाठी शाळा उभी केली होती आणि १९१६ मध्ये महिलांचे विद्यापीठही स्थापन केले होते. कर्वे आपल्या कोकणातलेच, मुरूडचे. हे मुरूड जंजिऱ्याचे नव्हे, दापोलीजवळचे. आपल्याकडे दरवेळी घोटाळा होतो म्हणून सांगितले. कर्व्यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी लग्न केले तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले होते. ती बाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली. अशा माणसाच्या संस्थेत, माळावरच्या त्या वस्तीत, तत्त्वज्ञानाचा हा एम. ए. मुलींना शिकवायला गेला.

या विद्यापीठाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे उच्च शिक्षण मातृभाषेतून देत. इतर कॉलेजांत मराठी मुलगासुद्धा इंग्रजीतून विचार करायला शिकत होता, तेव्हा हिंगण्याच्या बायका मराठीतून मानसशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकत होत्या. पण मराठीत पुस्तके कुठे होती? वामनरावांनी १९१९ मध्ये 'नीतिशास्त्रप्रवेश' लिहिले. बरे म्हणजे काय, कर्तव्य म्हणजे काय, सुख हेच ध्येय मानायचे का, सदसद्विवेकबुद्धी कुठून येते, असे प्रश्न त्यांनी मराठीत घेतले. हे पुस्तक मला फार उशिरा मिळाले. सेमिनरीत आम्ही हाच विषय इंग्रजी पुस्तकांतून शिकलो, मध्ये मध्ये लॅटिन शब्द पाठ करून. परीक्षा पास झालो. धर्मग्रामात आल्यावर एखादी आजी विचारते, की फादर, मुलाला वाईट वाटू नये म्हणून खोटे बोलले तर पाप लागते का, तेव्हा त्या लॅटिनचा काय उपयोग? आमच्यापूर्वी कितीतरी वर्षे एका मराठी शिक्षकाने हे सगळे शब्द बायकामुलींपुढे ठेवून पाहिले होते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

आता 'सुशीलेचा देव'. ही १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. सुशीला या मुलीच्या मनात देवाची कल्पना कशी बदलत जाते, ही त्या कादंबरीची गोष्ट. लहानपणी तिचा देव म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती, नवस ऐकणारी, प्रसाद घेणारी. मग शिक्षण होते, वाचन होते, दुःख भोगावे लागते, लग्नाच्या संसारात चटके बसतात, आणि प्रत्येक वेळी तिचा आधीचा देव तिला पुरेनासा होतो. ती त्याला टाकून देत नाही, पण त्याच्यापुढे जाते. शेवटी तिचा देव म्हणजे चांगुलपणाचे ध्येय आणि लोकांची सेवा, असे होऊन बसते.

मी धर्मगुरू आहे. मला तिचा शेवटचा मुक्काम पटत नाही, आणि हे लपवण्याचे कारण नाही. ध्येयाला हाक मारता येत नाही. ध्येय आपल्यासाठी रडत नाही, क्षमा करत नाही, क्रूसावर जात नाही. आपण ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्याला नाव आहे आणि जखमांच्या खुणा आहेत. वामनराव आज समोर असते तर मी त्यांच्याशी यावर वाद घातला असता, आणि माझी खात्री आहे की त्यांनी माझी बाजू माझ्यापेक्षा नीट मांडून दाखवली असती आणि मग तिच्यातल्या अडचणी सांगितल्या असत्या.

मुक्काम पटला नाही तरी सुशीलेचा प्रवास मला खरा वाटतो. लहानपणीचा झगा मोठेपणी अंगात जात नाही. कितीतरी तरुण माझ्याकडे येतात, किंवा खरे सांगायचे तर येत नाहीत. त्यांनी सातव्या वर्षी शिकलेला देव त्यांना विसाव्या वर्षी पुरत नाही. कोणी दुसरा दाखवत नाही, म्हणून ते त्यालाच सोडून जातात आणि आपण म्हणतो, मुंबईला गेला आणि बिघडला. सुशीला बिघडली नाही. वामनरावांनी तिच्या प्रत्येक पायरीवर तिला मान दिला, देव्हाऱ्यापुढे हात जोडणाऱ्या लहान सुशीलेलाही. तिला ते हसत नाहीत. जुन्या श्रद्धेला हसणारे सुधारक त्या काळी पुष्कळ होते. त्यांच्यापैकी ते नव्हते.

त्याच १९३० मध्ये मडगावला मराठी साहित्य संमेलन भरले आणि वामनराव त्याचे अध्यक्ष झाले. गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य. आपल्या चौल-रेवदंडा-कोर्लईच्या लोकांना पोर्तुगीज राज्य म्हणजे काय हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे; कोर्लईत तर त्या भाषेचा अंश अजून घराघरांत बोलला जातो. इंग्रजांच्या तुरुंगातून आलेला कुलाबा जिल्ह्याचा माणूस पोर्तुगिजांच्या मुलखात मराठीच्या खुर्चीवर बसला, हे चित्र मला आवडते.

१९३४ मध्ये 'इंदू काळे व सरला भोळे' आली. सगळी कादंबरी पत्रांची. लेखक कुठेच बोलत नाही. पात्रे एकमेकांना लिहितात आणि आपण इतरांची पत्रे वाचत बसतो. इंदू कलेची ओढ असलेली, बुद्धिमान. सरला साधी, सरळ मनाची. कला आधी की नीती आधी, हा तेव्हाचा गाजलेला वाद त्यांच्या आयुष्यात उतरतो. मराठी साहित्यात त्या दशकात याच मुद्द्यावर दोन तट पडले होते. वामनराव कोणत्याच तटात पुरते शिरले नाहीत. पत्रांची रचना त्यांना मानवली याचे कारणही हेच असावे. पत्रात प्रत्येकाला आपली बाजू पुरी मांडता येते आणि मध्येच कोणी थांबवत नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी लिहिलेली ही कादंबरी 'रागिणी'पेक्षा कितीतरी सुटसुटीत आहे. ज्यांना वामनराव वाचायला सुरुवात करायची आहे त्यांनी इथूनच करावी, असा माझा सल्ला.

त्यांच्यावर टीका झाली, ती अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. त्यांची माणसे कधी कधी माणसे न राहता मते होतात. जेवता-जेवतासुद्धा चर्चा करतात. आणि निर्णयाची वेळ आली की लेखक परंतु आणि तथापि यांत अडकतो. 'विचारविलास', 'विचारलहरी' अशा त्यांच्या लेखसंग्रहांतही ही सवय दिसते. रविवारच्या प्रवचनात मी असे केले तर तुम्ही घड्याळ बघाल.

'स्मृतिलहरी' हे आठवणींचे पुस्तक १९४२ मध्ये आले. २० जुलै १९४३ रोजी वामनराव वारले. स्वातंत्र्य चार वर्षे दूर होते. ज्या सरकारने त्यांना सक्तमजुरी दिली ते गेलेले त्यांना पाहता आले नाही. हिंगणे आता पुणे शहरात गेले आहे, माळ राहिलेला नाही, पण कर्व्यांची संस्था तिथे आहे आणि मुली तिथे शिकत आहेत.

मागच्या आठवड्यात मी त्या मुलाच्या घरी गेलो. वडील मासळीच्या गाडीवर गेले होते, आई अंगणात सोडे वाळत घालत होती. मुलगा आत अभ्यास करत होता. मी त्याला सांगितले की त्या दिवशी मला तुझा राग आला, कारण मला उत्तर येत नव्हते. मग आम्ही तासभर बोललो. ठाऊक असणे आणि वाटणे यांच्यामध्ये विश्वास ठेवणे असेही काही असते, हे मी त्याला सांगू पाहिले. त्याने त्यावर आणखी दोन प्रश्न विचारले. त्यांतल्या एकाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि या वेळी मी तसे त्याला सांगितले.

'सुशीलेचा देव' सध्या त्याच्याकडे आहे. 'इंदू काळे व सरला भोळे' आणि 'रागिणी' यांची एकेक प्रत माझ्याकडे आहे. 'रागिणी'ची बांधणी सैल झाली आहे, तेव्हा जपून वाचावी. ज्यांना हवी असतील त्यांनी दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीत येऊन वहीत नाव लिहून न्यावीत.

— तुमचा धर्मगुरू